दहावी कोठे झाली?

परभणी जिल्ह्यातील व्यापारी घराण्यांना स्थलांतर नवे नाही. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा निजाम संस्थानातील लोहमार्ग सुरू झाला आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके कापसाच्या व्यापाराची दारे बनली. जिंतूरजवळच्या नेमगिरीसारखी तीर्थक्षेत्रे सांगतात की जैन समाज या भूमीत त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. परंतु मारवाडातून आलेल्या अनेक कुटुंबांनी आपल्या पेढ्या मांडल्या त्या या लोहमार्गाच्या काळात. आडत, सरकी, किराणा, कापड असा व्यवसाय वाढत गेला. आज त्याच घराण्यांची तिसरी-चौथी पिढी उलट दिशेने निघाली आहे. कोणी हैदराबादला औषधांची एजन्सी घेतो, कोणी सुरतेला कापडाचे दुकान थाटतो, कोणी बंगळुरूत गाळा घेतो. धाकटा भाऊ गावची पेढी सांभाळतो, थोरला परराज्यात बिऱ्हाड करतो.

असा निर्णय घेताना सगळा हिशेब होतो. गाळ्याचे भाडे, अनामत रक्कम, जीएसटीची नोंदणी, उधारीची बाजारपेठ, घरापासून मंदिर व स्थानक किती दूर, हे सारे विचारात येते. मुलांच्या शाळेचीही चौकशी होते, पण ती शाळा चांगली आहे का एवढ्यापुरतीच. मुलगी सातवीत असो की नववीत, ‘तिकडे चांगल्या सीबीएसई शाळा आहेत’ एवढ्यावर प्रश्न मिटतो. प्रत्यक्षात तो तेथे सुरू होतो, आणि त्याचा उलगडा व्हायला चार-पाच वर्षे लागतात.

समजा, मानवतच्या एका आडत्याने मुलगी आठवीत असताना हैदराबादला बिऱ्हाड हलविले. मुलगी तेथे दहावी झाली. आजी-आजोबांच्या ओढीने म्हणा किंवा लातूरच्या शिकवणी वर्गांच्या नावलौकिकामुळे म्हणा, अकरावी-बारावीसाठी ती महाराष्ट्रात परतली. नीटमध्ये तिला चांगले गुण मिळाले. घर परभणी जिल्ह्यात, जन्म परभणी जिल्ह्यात, मातृभाषेइतकीच मराठी सफाईदार, वडिलांच्या नावे आजही गावात मालमत्ता कराची पावती. अर्ज भरताना मात्र एक रकाना येतो: इयत्ता दहावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण? त्या एका रकान्यावर तिची महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातील पात्रता अडते.

महाराष्ट्रात एमबीबीएस आणि बीडीएसच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे तीन गोष्टी एकत्र लागतात. विद्यार्थ्याकडे महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र हवे, दहावी महाराष्ट्रातील शाळेतून झालेली हवी आणि बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली हवी. येथे मंडळ कोणते याला महत्त्व नाही. राज्य मंडळ असो, सीबीएसई असो वा आयसीएसई, शाळा महाराष्ट्राच्या हद्दीत असणे महत्त्वाचे. पुष्कळ पालकांचा गैरसमज होतो तो याच ठिकाणी. अधिवास प्रमाणपत्र हाती आहे म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. अधिवास ही तीनपैकी केवळ एक अट आहे, आणि ती सर्वांत सोपी आहे. कारण कागदपत्रे उशिरा जमवता येतात, दहावी पुन्हा देता येत नाही.

या अटीचे वजन परभणीत आता अधिक जाणवते. २०२३ मध्ये परभणी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांनी सुरू झाले. शासकीय महाविद्यालयातील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात, उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या. म्हणजे जिच्या घरापासून हे महाविद्यालय तासाभराच्या अंतरावर आहे, ती मानवतची मुलगी तेथील ८५ जागांसाठी परकी ठरते आणि उरलेल्या १५ जागांसाठी तिला साऱ्या देशाशी स्पर्धा करावी लागते. खासगी महाविद्यालयांतही राज्य कोट्याच्या जागांना शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेले शुल्क असते; संस्थात्मक कोट्यातील शुल्क त्याच्या अनेक पट असते. त्यामुळे हा प्रश्न शेवटी पैशाचा होतो, आणि रक्कम अशी असते की पेढीचे भांडवल हलावे.

राहण्यावरून शुल्क ठरावे की नाही, हा वाद स्वतंत्र भारतात फार लवकर न्यायालयात गेला. इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हाच्या मध्यभारत राज्यातील रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती आणि बाहेरच्यांना वर्षाला दीड हजार रुपयांपर्यंत भरावी लागे. दिल्लीच्या एका विद्यार्थ्याने त्याला आव्हान दिले. १९५५ मध्ये, ‘डी. पी. जोशी विरुद्ध मध्यभारत राज्य’ या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती सवलत वैध ठरविली. राज्यघटना जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई करते. निवास ही वेगळी गोष्ट आहे, असा तो युक्तिवाद होता. मध्यभारताने बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट ठेवली होती. आजच्या अटींशी तुलना केली तर ती उदारच म्हणावी लागेल.

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलांचे पालक हा विषय ‘इन-स्टेट ट्यूशन’ या नावाने ओळखतात. तेथील सरकारी विद्यापीठांत राज्याच्या रहिवाशाला कमी शुल्क असते आणि बहुतेक राज्यांत साधारण वर्षभराचे वास्तव्य व तेथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. कनेक्टिकट राज्याने एकदा असा नियम केला की प्रवेशाच्या वेळी जो बाहेरचा, तो शिक्षण संपेपर्यंत बाहेरचाच. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. माणूस नव्या राज्याचा झाला आहे हे सिद्ध करण्याची संधी तरी त्याला मिळाली पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे. महाराष्ट्रातील दहावीची अट या दृष्टीने पाहिली तर फार कठोर आहे. दहावी एकदा परराज्यात झाली की पुढे कितीही वर्षे येथे राहिले, तरी व्यापाऱ्याच्या मुलाला ती दुरुस्त करण्याचा मार्ग नाही.

‘व्यापाऱ्याच्या मुलाला’ असे मुद्दाम म्हटले, कारण इतर काहींना मार्ग आहे. केंद्र व राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या तसेच संरक्षण दलातील व्यक्तींच्या मुलांसाठी नियमांत ठरावीक अटींवर अपवाद ठेवलेले आहेत. वडिलांची बदली झाली आणि त्यामुळे शिक्षण राज्याबाहेर झाले, तर नियम त्याची दखल घेतो. नियमाने दखल घेतली नाही, तर न्यायालय घेते. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील अशाच एका प्रकरणात, सीमा सुरक्षा दलात नोकरी करणाऱ्या वडिलांच्या नेमणुकीमुळे ज्याचे शालेय शिक्षण राज्याबाहेर झाले होते, त्या विद्यार्थ्याला सर्वोच्च न्यायालयाने एमबीबीएसला प्रवेश देण्याचा आदेश दिला. मात्र बदली हा शब्द व्यापाऱ्याच्या कोशात नाही. मंदी आली, भागीदारी फुटली, बाजारपेठ बदलली, भाऊ वारले आणि त्यांचे परगावचे दुकान सांभाळावे लागले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो स्वेच्छेने गेलेला असतो. आसामच्या नियमांवरील २०१८ च्या ‘राजदीप घोष’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक मान्य केला: शासकीय सेवेसाठी बाहेर पाठवलेल्यांचा वर्ग निराळा, स्वतःच्या इच्छेने बाहेर गेलेल्यांचा निराळा. व्यापारी माणसाला हे पटणे कठीण आहे. मालाचा भाव ज्याच्या हाती नाही, त्याची इच्छा कितपत स्वतंत्र, असा प्रश्न त्याने विचारला तर तो गैर नाही. पण निकाल निकालच आहे, आणि नियोजन त्याला धरूनच करावे लागेल.

आता त्याच मुलीचे दुसरे चित्र पाहू. ती हैदराबादलाच राहिली आणि बारावीही तेथेच झाली, तर तेलंगणाने तिला आपले म्हटले असते का? तेथील नियमानुसार वैद्यकीय प्रवेशासाठी ‘स्थानिक’ ठरण्यास पात्रता परीक्षेपूर्वीची सलग चार वर्षे, म्हणजे नववी ते बारावी, तेलंगणात शिक्षण झालेले असावे लागते. हा नियम १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. आठवीत गेलेली मुलगी तेथे राहिली असती तर स्थानिक ठरली असती. दहावीला गेलेली ठरली नसती. अर्थात नववीच्या आत जाणे आणि मग बारावीपर्यंत न हलणे, किंवा मुळीच न जाणे, हे दोनच सुरक्षित मार्ग उरतात. मधल्या वर्षांत केलेले स्थलांतर दोन्ही राज्ये गमावून बसते. कर्नाटकात हिशेब आणखी वेगळा: तेथील मुख्य तरतुदीनुसार पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे राज्यात शिकलेले असावे लागते.

हैदराबाद आणि परभणी यांच्यातील ही ‘स्थानिक कोण’ची चर्चा शंभर वर्षांहून जुनी आहे. परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होती, आणि त्या राज्यात १९१९ पासून ‘मुलकी’ नियम होते. सरकारी नोकरीसाठी मुलकी ठरण्यास बाहेरून आलेल्याला किमान पंधरा वर्षांचे कायम वास्तव्य दाखवावे लागे, आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे शपथेवर सांगावे लागे. मारवाडातून सेलू-मानवतला आलेल्या पिढीपुढे हाच प्रश्न होता: देश कोणता, पेढी कोठे, परतायचे की नाही? आज महाराष्ट्राच्या अधिवास प्रमाणपत्रासाठीही सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांचे सलग वास्तव्य मागितले जाते. तेव्हा आजोबा बाहेरचे होते; आज नातू हैदराबादला बाहेरचा ठरतो आहे.

कोट्याचा प्रश्न याहून अधिक कुटुंबांना भेडसावतो, कारण तेथे बिऱ्हाड हलत नाही, फक्त मूल जाते. दहावीनंतर मुलाला राजस्थानातील कोट्यास पाठवायचे, दिवसभर शिकवणी वर्ग आणि बारावीसाठी तेथीलच एखाद्या शाळेत कागदी प्रवेश, ही पद्धत परभणीच्याही अनेक घरांत पोहोचली आहे. मूल शिकवणीला कोठेही जावो; बारावीची शाळा राजस्थानात गेली की महाराष्ट्राच्या वैद्यकीय राज्य कोट्याची तिसरी अट मोडते. अभियांत्रिकीतही फटका बसतो. एनआयटी संस्थांतील निम्म्या जागा त्या त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठी असतात आणि राज्य ठरते ते बारावी कोठून झाली यावर. कोट्याच्या शाळेतून बारावी झालेला परभणीचा मुलगा नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसाठी परराज्यातील ठरतो आणि जयपूरच्या मालवीय संस्थेसाठी घरचा. एनआयटीपुरता हा सौदा कोणाला मान्यही असेल. वैद्यकीयचे मात्र तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी गत होते. कारण राजस्थानच्या राज्य कोट्यातही तो सहज बसत नाही. शिवाय कागदी प्रवेशाचा धोका निराळाच. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सीबीएसईने असे प्रवेश देणाऱ्या दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची संलग्नता काढून घेतली. नीटसाठी जायचेच असेल, तर बारावीचा प्रवेश महाराष्ट्रातील ज्या शाळेत नियमित हजेरी शक्य आहे तेथे ठेवावा. लातूर आणि नांदेड याच कारणासाठी अनेकांना जवळचे वाटतात.

राज्याच्या आत हलणाऱ्यांचा त्रास आता कमी झाला आहे. पूर्वी वैद्यकीय प्रवेशात विभागवार ७०:३० सूत्र होते: ७० टक्के जागा त्या विभागातील विद्यार्थ्यांना, ३० टक्के सर्व राज्याला. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी, त्यामुळे येथील मुलांना अधिक गुण असूनही मुंबई-पुण्याकडील जागांना हात लावणे कठीण जाई. मराठवाड्यातून या सूत्राला दीर्घकाळ विरोध झाला आणि सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने ते रद्द केले. आता परभणीहून पुण्याला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाला वैद्यकीयसाठी विभाग बदलण्याची चिंता नाही. अभियांत्रिकीत मात्र ‘गृह विद्यापीठ’ ही संकल्पना अनेक महाविद्यालयांत टिकून आहे. तेथे ७० टक्के जागा गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांना मिळतात आणि गृह विद्यापीठ ठरते ते बारावी कोठून झाली त्यावर. परभणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. बारावी पुण्यात झाली तर पुणे हे गृह विद्यापीठ, आणि स्पर्धाही पुण्याची.

अभियांत्रिकीचे नियम एकंदरीत मऊ आहेत. सीईटी कक्ष उमेदवारांचे ‘अ’ ते ‘ई’ असे प्रकार करतो. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेला आणि येथे जन्मलेला किंवा अधिवास असलेला विद्यार्थी ‘अ’ प्रकारात येतो. त्यात न बसणाऱ्याला आई किंवा वडिलांच्या महाराष्ट्रातील अधिवासाच्या आधारे ‘ब’ प्रकाराचा विचार करता येतो. पुढचे दोन प्रकार शासकीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी, आणि शेवटचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील मराठी भाषकांसाठी. म्हणून परराज्यात दहावी झालेल्या ज्या मुलाला डॉक्टर व्हायचे नाही, त्याच्या पालकांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. त्या वर्षीची माहिती पुस्तिका बारकाईने वाचावी, कारण तपशील दरवर्षी थोडेबहुत बदलतात.

राज्याची पात्रता गमावली की तिच्याबरोबर आणखी काही गोष्टी जातात, आणि त्यांची नोंद सहसा कोणी घेत नाही. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना शिक्षण शुल्काची प्रतिपूर्ती मिळते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसह ठरावीक प्रवर्गांतील मुलींना ती १०० टक्के झाली. त्यासाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो. जैन अल्पसंख्याक संस्थांतील राखीव जागांचेही तसेच आहे. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. चांदवडच्या नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रमासारख्या संस्थांच्या व्यावसायिक महाविद्यालयांत समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असतात, पण त्या महाराष्ट्रातील जैन विद्यार्थ्यांसाठी. हैदराबादला दहावी-बारावी केलेला मानवतचा मुलगा जैन आहे यात शंका नाही. तो महाराष्ट्राचा आहे हे आधी सिद्ध करावे लागते.

ते सिद्ध करण्याचे साधन म्हणजे तहसील कार्यालयातून मिळणारे ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून त्यासाठी अर्ज करता येतो. अज्ञान मुलाचा अधिवास वडिलांच्या वास्तव्यावरून पाहिला जातो, आणि येथेच परराज्यात गेलेल्या व्यापाऱ्याची पंचाईत होते. स्थलांतर करताना तो उत्साहाने सगळे तिकडे नेतो: शिधापत्रिका, आधारचा पत्ता, मतदार यादीतील नाव, गॅसची जोडणी. मग पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्याच्या पुराव्यात मध्येच चार-पाच वर्षांची पोकळी दिसते. जाण्यापूर्वीच अर्ज केला, तर हा प्रसंग टळतो. मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांची जुनी वीजबिले, नगरपालिकेच्या कराच्या पावत्या, बाजार समितीचा आडत परवाना, असेल तर सातबारा, हे सारे घरात असतानाच एका फायलीत लागावे. ज्या घरात दिवाळीला जुन्या वह्या बांधून माळ्यावर ठेवण्याची पद्धत आहे, त्या घराला हे जड नाही. पुढे कागदपत्रे मागवायला गावी पुतण्याला तहसीलच्या चार चकरा माराव्या लागतात आणि प्रवेशाच्या फेरीची मुदत तोवर संपते.

याला दुसरी बाजूही आहे. काही पालक दोन्ही राज्यांचे रहिवासी दाखले काढून ठेवतात आणि गुण येतील तसे ठरवू म्हणतात. अनेक राज्ये प्रवेशाच्या वेळी शपथपत्र घेतात, आणि खोट्या माहितीवर घेतलेला प्रवेश तिसऱ्या वर्षीही रद्द होऊ शकतो. बाजारात जी पत सांभाळली जाते, ती येथे मुलाच्या नावावर लागते.

मग आठवी-नववीत मूल असताना परराज्यात जाणे अटळच असेल तर? अशा घरांनी मुलाला आजी-आजोबांकडे ठेवून दहावी-बारावी येथेच करण्याचा मार्ग निवडलेला दिसतो. तो स्वस्त नाही, कारण पंधराव्या वर्षी आई-वडिलांपासून दूर राहण्याची किंमत गुणपत्रिकेत दिसत नसली तरी असतेच. काही ठिकाणी आई मुलांबरोबर परभणीत राहते आणि वडील पंधरा दिवसांनी येतात-जातात. संध्याकाळी हैदराबादेहून निघणाऱ्या गाड्यांत असे प्रवासी सापडतात. आणि ज्या मुलाला वैद्यकीय शाखेकडे जायचेच नाही, त्याच्यासाठी हा सारा आटापिटा व्यर्थ आहे. निर्णय घेण्यापूर्वी मुलाला विचारणे हे या संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत स्वस्त काम. तेच बहुधा राहून जाते.

पदवीनंतरचे चित्र मात्र नुकतेच बदलले आहे. १९८४ च्या ‘डॉ. प्रदीप जैन’ खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी भारतात अधिवास एकच आहे, भारताचा, असे स्पष्ट केले होते आणि सगळ्याच्या सगळ्या जागा राज्यातील रहिवाशांसाठी राखून ठेवणे अमान्य केले होते. त्याच मार्गाने जात २९ जानेवारी २०२५ रोजी ‘तन्वी बहल’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांतील निवासावर आधारित आरक्षण घटनाबाह्य ठरविले. एमडी-एमएसच्या जागांसाठी आता निवास विचारायचा नाही. ज्या संस्थेतून एमबीबीएस केले तिला मर्यादित प्राधान्य देता येते. म्हणजे मानवतच्या त्या मुलीने कोठूनही एमबीबीएस पूर्ण केले, तरी पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी तिला राज्याचा अधिवास आडवा येणार नाही. एमबीबीएसच्या राज्य कोट्याला या निकालाने हात लावलेला नाही; त्या अर्जात दहावीचा रकाना आहे तसाच आहे.